दोष पंपाचा नव्हता

पाणीपुरवठा खात्यात त्यांना कुणी कधी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सगळे त्यांना कानवाले म्हणत. जमिनीखालची पाइपलाइन नेमकी कुठे गळते ते शोधायचं, हे त्यांचं काम. हातात एक लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला वाटीएवढी लाकडी चकती. सळई रस्त्यावर टेकवायची, चकतीला कान लावायचा आणि ऐकायचं. पुढे खात्याने पडद्यावर रेघा उमटवणारी महागडी यंत्रं आणली, पण खणायचं कुठे यावरून वाद झाला की साहेब म्हणत, कानवाल्यांना बोलवा. ते यायचे, ऐकायचे, खडूने फुली मारायचे आणि फुलीखाली पाणी सापडायचं. चौतीस वर्षांत त्यांच्या चार फुल्या चुकल्या, आणि त्या चारही त्यांना तोंडपाठ होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी चालताना त्यांची मान एका बाजूला कललेली असायची. बायको म्हणायची, हा माणूस रस्त्याचं ऐकतो, माझं नाही.

एवढ्या तिखट कानाच्या माणसाला घरातलंच ऐकू आलं नाही, त्याची ही गोष्ट.

त्यांची एकुलती एक लेक बंदरात क्रेन चालवायची. जहाजावरचे कंटेनर उचलून धक्क्यावर ठेवणारी ती मोठी क्रेन. दहा मजल्यांच्या उंचीवर काचेची खोली, पायाखालीसुद्धा काच. तिथे मान खाली घालून आठ तास बसायचं आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधून खाली बघत तीस टनांचा डबा बोटभर जागेत नेमका टेकवायचा. बंदरातले लोक तिला घार म्हणायचे, आणि हळूहळू घरीही तेच नाव पडलं. आई शेजारणींसमोर तिचं तोंड भरून कौतुक करायची आणि घरात म्हणायची, आमची बाई उंटावरून शेळ्या हाकते.

कानवाल्यांना ते काम पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. स्वतःचा सगळा जन्म जमिनीला कान लावून गेला, आणि पोटची पोर हवेत टांगलेली. आठ वर्षं ते तिला खाली उतर म्हणत होते. समजावून झालं, रागावून झालं, एकदा तर तीन दिवस अबोला धरून झाला. घार जन्माला आली तीच नाकावर राग घेऊन, त्यामुळे तीही तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी आईने दोघांना एका ताटात वाढलं, आणि तो विषय तिथेच राहिला.

मग घारीला एकतिसावं लागलं आणि बंदरातल्या सहामाही तपासणीत तिचं बीपी निघालं एकशे चौऱ्याऐंशी, खालचं एकशे सोळा. ती म्हणाली, मशीन बिघडलंय. दुसरं मशीन आणलं, त्याचंही मत तेच पडलं. एकशे साठच्या वर बीपी असलेल्या माणसाला क्रेनवर चढू द्यायचं नाही, असा तिथला नियम होता, आणि तो बरोबरच होता. भोवळ आली तर खाली माणसं असतात. तिला खाली उतरवून फाटकावर ट्रेलरचे पास तपासायला बसवलं. वर्षाच्या आत बीपी आटोक्यात आलं तर परत क्रेन, नाही तर क्रेनच्या यादीतून नाव कायमचं कमी. घारीने ते ऐकून घेतलं, घरी आली आणि न जेवता झोपली.

कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताण कमी करा, मीठ कमी करा, रागावू नका. घराजवळच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, पंधरा दिवसांनी दुसरी आणि महिन्याने तिसरी. बाकीचं सगळं कानवाल्यांनी आपल्या हातात घेतलं, कारण प्रेशर हा त्यांचा विषय. त्यांनी बीपीचं मशीन आणलं, वही घातली, सकाळ-संध्याकाळ लेकीच्या दंडाला पट्टा बांधून आकडे लिहायला लागले. स्वयंपाकातलं मीठ गेलं. लोणच्याची बरणी शेजारी गेली. घरात आवाज चढवायचा नाही, घारीला उलट बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. पंप जास्त जोरात चालला की लाइन ताणते, तेव्हा पंप हळू करायचा, हे त्यांचं साधं गणित होतं. आणि पंप म्हणजे घारीचा स्वभाव, अधिक ती क्रेन.

"या घरात आता मीठ नाही आणि भांडणही नाही," आई एकदा म्हणाली, "मग राहायचं तरी कशासाठी?"

घार हसली नाही. पूर्वी ती अशा बोलण्यावर घर डोक्यावर घ्यायची. आता सगळे तिच्याशी इतकं गोड बोलत होते की तिला आपण आधीच गेल्यासारखं वाटायला लागलं होतं. वहीतला आकडा मात्र एकशे सत्तरच्या खाली यायचं नाव घेत नव्हता.

आता इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. कानवाल्यांना मनातून बरं वाटत होतं. लेकीच्या बीपीचं नव्हे. पण ती जमिनीवर होती. संध्याकाळी चार वाजता ती चालत घरी यायची, तिच्या चपलांवर फाटकापाशी असते तसली धूळ असायची, आणि ती धूळ बघून या गृहस्थांच्या जिवात जीव यायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही अर्धवटच सांगितलं होतं.

त्याच दिवसांत जेवताना घार म्हणाली की उजव्या कानात आवाज येतो. सूं, सूं, असा, प्रत्येक ठोक्याबरोबर. आडवं झालं की जास्तच. कानवाल्यांनी हातातला घास खाली ठेवला नाही. आठ वर्षं त्या मोटारींच्या घरघरीत बसलीस, तोच आवाज कानात बसलाय, असं त्यांनी सांगितलं. वर गेली नाहीस की जाईल आपोआप. घारीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मग तो विषय पुन्हा काढला नाही. रस्त्याखाली दीड मीटरवरची सुरसुर ऐकून माणसं खणायला लावणारा माणूस, पण ताटासमोर बसलेल्या लेकीच्या कानातल्या आवाजाकडे त्याने कानाडोळा केला.

पाच महिने असे गेले. मग घराजवळच्या डॉक्टरांनीच हात टेकले. रक्तात पोटॅशियम कमी दिसत होतं, आणि या वयात तीन-तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी म्हणजे त्याच्यामागे दुसरंच काहीतरी असणार, असं म्हणून त्यांनी मोठ्या हॉस्पिटलातल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली.

या बाई घारीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांना सर्दी झाली होती, आणि त्याबद्दल त्यांनी आधीच माफी मागून टाकली. घारीला टेबलावर झोपवल्यावर त्यांनी पंखा बंद करायला सांगितला, दार लोटायला सांगितलं, आणि कुणी बोलू नका म्हणाल्या. कानवाल्यांना बाई तिथेच आवडल्या. आजवरच्या एकाही डॉक्टराने ऐकण्यासाठी पंखा बंद केला नव्हता. बाईंनी नळी छातीला लावली, मग पोटावर, बेंबीच्या थोडी वर आणि उजवीकडे. तिथे त्या चांगला मिनिटभर थांबल्या. मग मानेला लावली.

"कानात आवाज येतो का?" त्यांनी विचारलं. "ठोक्यासरशी?"

"येतो," घार म्हणाली. "चार-पाच महिने झाले."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं," एवढंच घार म्हणाली आणि छताकडे बघत राहिली. कानवाल्यांना त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या आठवड्यात धमन्यांचा स्कॅन झाला आणि बाईंचा संशय खरा निघाला. आजाराचं नाव मालगाडीएवढं लांब होतं, फायब्रोमस्क्युलर डिसप्लेझिया. ते त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि मग साध्या भाषेत सांगितलं. धमनीच्या भिंतीतले थर वेडेवाकडे वाढतात. मग ती धमनी मण्यांच्या माळेसारखी होते, एक जागा फुगलेली, एक आवळलेली, पुन्हा फुगलेली, पुन्हा आवळलेली. क्वचित होणारा आजार, बहुतेक बायकांना होतो, आणि का होतो ते अजून नीट कुणालाच ठाऊक नाही. मिठाने होत नाही, रागाने होत नाही आणि क्रेनने तर नाहीच नाही. घारीच्या उजव्या मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी अशी झाली होती. मानेतल्या धमनीवरही थोड्या खुणा होत्या, कानातला आवाज तिथला. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं, त्याला वाटतं सगळ्या शरीरातच दाब कमी पडलाय, म्हणून ते रसायन सोडून हुकूम देत राहतं की दाब वाढवा.

कानवाले खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे शेवटच्या एका घराचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे," ते हळूहळू म्हणाले, "आणि तो माणूस रोज पंपघराला फोन करतोय की पाणी येत नाही, प्रेशर वाढवा."

बाई नाक पुसायच्या थांबल्या. यापुढे पेशंटना मी हे असंच सांगणार, असं त्या म्हणाल्या.

पण कानवाल्यांना त्या कौतुकाचं काही सुख झालं नाही. खात्यात नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी पहिला धडा हाच दिला होता. तक्रार एकाच घरातून येत असेल तर पंपाला हात लावायचा नाही, आधी त्या घराचा व्हॉल्व्ह बघायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कसा घालतात ते त्यांनी पाच महिने स्वतः करून दाखवलं होतं. निघताना त्यांनी भीत भीत बाईंना विचारलं, मला एकदा ऐकू द्याल का? बाईंनी घारीकडे बघितलं. घार म्हणाली, द्या त्यांना. नळी कानात घालून ते पोटावर वाकले, आणि आतड्यांच्या गडबडीपलीकडे त्यांना तो आवाज लागला, बारीक, घुसमटलेला, ठोक्याठोक्याला जोर करणारा. असा आवाज त्यांनी हजार वेळा ऐकला होता. अर्ध्या उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी घुसतं तेव्हा तो येतो. ते सरळ उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

उपाय होता. जांघेतून बारीक नळी घालून ती थेट मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत न्यायची, टोकाशी असलेला इवलासा फुगा आवळलेल्या जागी फुगवायचा, जागा रुंद करायची आणि फुगा काढून घ्यायचा. भूल फक्त जांघेपुरती. बाईंनी काही झाकून ठेवलं नाही. बहुतेकांचं बीपी खाली येतं, पुष्कळांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतात. काहींना फरक पडत नाही. क्वचित धमनी चिरते, अगदी क्वचित मूत्रपिंड हातचं जातं. घारीने एकच प्रश्न विचारला, मी परत वर जाऊ शकेन का? बाई म्हणाल्या, शक्यता चांगली आहे, पण शब्द देत नाही.

फुगा घालायच्या आदल्या दिवशी दुपारी तिला वॉर्डात दाखल केलं. आई खाली चहा आणायला गेली होती. नर्स संमतीचा कागद ठेवून गेली. घारीने त्यावर सही केली आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून कागद बापापुढे सरकवला. कानवाल्यांनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"सहीआधी एक सांगायचंय," ते म्हणाले.

"बाबा, आत्ता उपदेश नको."

"उपदेश नाही. तू खाली उतरलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. कानातला आवाज तू सांगितलास, तेव्हा मी क्रेनचं नाव घेतलं, कारण मला तो क्रेनचाच असायला हवा होता. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी नीट ऐकलं असतं. तुझे पाच महिने मी घालवले."

घारीचा चेहरा लाल होत गेला, आणि पाच महिन्यांत साठलेलं सगळं बाहेर आलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी रोज त्या फाटकावरून रडत घरी यायचे, आणि दारात तुमचा चेहरा बघायचे. माझं सगळं गेलं होतं आणि तुम्ही सुखात होतात. आणि वर मला पट्टा बांधताना किती प्रेमाने बोलायचात. मला काय कळत नव्हतं?"

तिचा आवाज इतका चढला की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. उशाशी लावलेलं मशीन वाजायला लागलं, एकशे ब्याण्णव दाखवायला लागलं, आणि नर्स धावत आली. तिने कानवाल्यांना बाहेर जायला सांगितलं. ते खाली मान घालून उठले.

"राहू द्या त्यांना," घार नर्सला म्हणाली. "किती दिवसांनी आम्ही नीट भांडतोय."

नर्सने दोघांकडे बघितलं, पाच मिनिटं दिली आणि मशीनचा आवाज बंद केला. घारीने डोळे पुसले. मग ती शांतपणे म्हणाली, "हे जमलं तर मी परत चढणार. तेव्हा मला उतर म्हणायचं नाही."

कानवाल्यांनी पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. "तसं वचन मला देता येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "खोटं बोलणं होईल ते."

"मग निदान सही तरी करा."

त्यांनी सही केली. आई चहा घेऊन आली तेव्हा दोघं नाकं पुसत बसले होते, आणि तिने काय झालं ते न विचारता कप हातात दिले.

दुसऱ्या दिवशी दीड तास लागला. फुगा घालणारे डॉक्टर उंच आणि अबोल होते. ते बाहेर आले तशी आई उठून उभी राहिली, पण तिने तोंड उघडायच्या आत कानवाल्यांनी विचारलं, "दोन्ही बाजूंचं प्रेशर मोजलंत का? आवळलेल्या जागेच्या अलीकडचं आणि पलीकडचं?"

डॉक्टर थबकले. एवढ्या वर्षांत कुठल्याही नातेवाइकाने त्यांना हे विचारलं नव्हतं. हो, म्हणाले, आधी बासष्टचा फरक होता, आता पाचचा आहे. कानवाले खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आई घाबरून डॉक्टरांना विचारायला लागली की पाच म्हणजे वाईट का. चांगलं आहे, खूप चांगलं आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा तिला पटलं, आणि मग तिने नवऱ्याला आधी हे सांगायला काय झालं होतं म्हणून झापलं.

बीपी काही जादूची कांडी फिरवल्यासारखं उतरलं नाही. पहिल्या संध्याकाळी एकशे पन्नास, आठवड्याने एकशे अडतीस. तीन गोळ्यांच्या दोन झाल्या, महिन्याभराने एक, आणि ती एक राहणार असं बाईंनी सांगितलं. मानेतल्या धमनीला हात लावायची गरज नव्हती, नुसतं लक्ष ठेवायचं. कानातला आवाज आता उजव्या कुशीवर झोपलं तरच यायचा. धमनी पुन्हा आवळू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली. घरात थोडं मीठ परत आलं आणि भांडणं तर पुरी परत आली. पहिलं भांडण टीव्हीच्या आवाजावरून झालं, आणि ते दोन दिवस पुरलं.

आठव्या महिन्यात घार बंदरातल्या तपासणीला गेली. कंपनीच्या डॉक्टरांचा मशीनवर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी तीनदा मोजलं. एकशे सव्वीस, एकशे चोवीस, एकशे सव्वीस. त्यांनी लायक असा शेरा लिहिला, खाली दर महिन्याला दाखवण्याची अट घातली आणि सोमवारी सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायला सांगितलं.

सोमवारी ती गेली. कानवाल्यांनी सकाळी वर्तमानपत्र वाचलं, म्हणजे उलटसुलट धरलं. दहा वाजता बाहेर वारा सुटला तशी ते तीनदा दार उघडून बघून आले. अकराला त्यांचं डोकं जड झालं. त्यांनी मशीन काढलं आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे अडुसष्ट निघालं. बायकोने आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला. ती म्हणाली, घ्या, लेकीचं उतरलं तर बापाचं चढलं. ती डॉक्टरांना फोन करायला निघाली, पण त्यांनी तिला अडवलं. चारपर्यंत थांब म्हणाले, यात आवळलंय कुठे ते मला पक्कं माहीत आहे.

चारला दहा कमी असताना घार आली. केस विस्कटलेले, मानेला रग लागलेली, डोळे लालभडक, आणि चेहरा असा की आठ महिन्यांत कुणी पाहिला नव्हता. एकशे नऊ डबे उतरवले, एकही आपटला नाही, असं ती दारातूनच सांगायला लागली. मग तिला टेबलावरचं मशीन दिसलं. आईने सकाळचा आकडा सांगून टाकला. घारीने हात न धुताच बापाला समोर बसवलं, पट्टा बांधला आणि बटण दाबलं. एकशे बावन्न.

"घाबरला होतात?" तिने विचारलं.

"हो."

"खूप?"

"वारा सुटला तेव्हा खूप."

आई हातातलं काम थांबवून बघत होती.

"मग आता मला उतर म्हणणार?"

कानवाल्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. "तू चढत जा. मी गोळी घेईन."

घारीने पट्टा सोडला, गुंडाळून ठेवला, आणि उद्याही सातचीच पाळी आहे, सहाला उठवा, असं त्यांना बजावून ती हात धुवायला गेली.